उत्तर येतं, पण शिकवता येतं का? डॉक्टर-नर्सना शिकवणाऱ्या मशीनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, काही राहिलेत, सांभाळून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये मधेच पोखरण रोडवरच्या बसचा हॉर्न आला होता. वाचणाऱ्यांना तो ऐकू येणार नाही, हा तुमचा फायदा.

तर आजचा विषय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये गूगलच्या लोकांनी मेड-पाम नावाचं एक मॉडेल जाहीर केलं. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत येतात तशा प्रश्नांवर त्याला ६७.६ टक्के मिळाले. पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती ८६.५ टक्क्यांवर गेली. लगेच सगळीकडे हेडलाईन: एआय डॉक्टरकीची परीक्षा पास! आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य: आता हाच एआय मेडिकलच्या आणि नर्सिंगच्या मुलांना घरबसल्या ऑनलाइन शिकवणार.

पहिलं वाक्य ठीक आहे. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आपण एक मोठी उडी मारतोय. ज्याला उत्तर येतं त्याला शिकवता येतंच, असं आपण गृहीत धरलं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे आमच्या जमातीला ही उडी किती सोपी वाटते हे मला चांगलं माहितीये. गंमत अशी की हीच उडी १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मारून झालीये, आणि ती मारणारा माणूस जिथे आपटला तिथून खरी गोष्ट सुरू झाली. तिकडे जाऊच. पण त्याआधी मुंबईत एक थांबा घ्यायचाय, कारण कुठलंही मशीन यायच्या खूप आधी हाच प्रश्न इथे माणसांसमोर आला होता.

साल १८२६. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्या वर्षी मुंबईत 'नेटिव्ह मेडिकल स्कूल' सुरू झालं. प्रमुख होते जॉन मॅक्लेनन नावाचे सर्जन. उद्देश काही फार उदात्त नव्हता. सरकारला गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी देशी माणसं हवी होती. पण अडचण बघा. ज्ञान सगळं इंग्रजीत, आणि विद्यार्थी मराठी, गुजराती, हिंदुस्थानी बोलणारे. आता दोनच रस्ते. एक तर ज्ञान विद्यार्थ्याच्या भाषेत आणा, नाहीतर विद्यार्थ्याला ज्ञानाच्या भाषेत न्या. मॅक्लेनन यांनी पहिला रस्ता धरला. देशी भाषांतून शिकवणं सुरू झालं, वैद्यकाची पुस्तकं मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलं.

सहा वर्षांत शाळा बंद. १८३२ साली सरकारने गुंडाळून टाकली.

मग आले गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट. त्यांचं म्हणणं पडलं की शिकवायचं तर नीट शिकवा, युरोपातल्या तोडीचं, इंग्रजीतून. ते १८३८ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाने १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं. चार्ल्स मोरहेड पहिले प्रिन्सिपल. १८५१ मध्ये पहिली बॅच बाहेर पडली, ती किती जणांची? आठ. त्यांच्यात भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते, म्हणजे एकेक माणूस एकेका संस्थेएवढा. पण आठच. आठ-दहा इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांत अख्ख्या इलाख्याचं काय भागणार? म्हणून १८६० च्या दशकात त्याच ग्रँट मेडिकलमध्ये मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग पुन्हा सुरू करावे लागले. जो रस्ता बंद केला होता, त्याच रस्त्याने परत.

शिकवणाऱ्याला विषय येत होता, याबद्दल १८२६ ला किंवा १८४५ ला कुणाला शंका नव्हती. भांडण होतं ते विद्यार्थ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे आणि ते कुठल्या भाषेत आहे, यावर. हे डोक्यात ठेवा, मी परत इथे येणार आहे.

आता उडी मारू १९६० मध्ये, अमेरिकेतल्या अर्बाना गावात. इलिनॉय विद्यापीठ. डोनाल्ड बिट्झर या इंजिनिअरने तिथे प्लेटो नावाची सिस्टीम बांधायला घेतली. टीव्हीसारखा पडदा, समोर बटणं, आणि पाठीमागे खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर. त्याची बायको मेरीअ‍ॅन बिट्झर नर्सिंग शिकवायची. तिने विचार केला, याच्यावर माझ्या मुली का शिकू नयेत? १९६३ मध्ये तिचा रिपोर्ट आला: हार्ट अटॅकच्या रुग्णाची शुश्रूषा प्लेटोवर शिकवण्याचा प्रयोग. विद्यार्थिनीला धडा वाचून दाखवला जात नव्हता. पडद्यावरच्या रुग्णाबद्दल काय विचारायचं, काय तपासायचं, हे तिनेच ठरवायचं. आपण जे केलं त्याने काय झालं ते बघायचं आणि त्यावरून उत्तरापर्यंत पोहोचायचं.

१९६३, मंडळी! इंटरनेट नाही, माउस नाही. आरोग्याचं शिक्षण कॉम्प्युटरवर द्यायच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक, आणि तो केला एका नर्सने. मला हे नाव कॉलेजमध्ये कुणी सांगितलं नाही. प्लेटो सांगितलं, डोनाल्ड सांगितला, मेरीअ‍ॅन नाही.

प्लेटोची मर्यादा मात्र आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. सगळं इफ-एल्स. हे बटण दाबलं तर हे दाखव, ते दाबलं तर ते. विद्यार्थिनी काय काय करू शकेल याच्या सगळ्या वाटा धडा लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेवायच्या. जी चूक मेरीअ‍ॅनला सुचली नाही, ती चूक प्लेटोला ओळखता येणार नाही. १९७० मध्ये हाइमे कार्बोनेल याने स्कॉलर नावाचा प्रोग्राम केला. त्यात दक्षिण अमेरिकेचा भूगोल जाळ्यासारखा साठवला होता आणि प्रोग्राम स्वतःच प्रश्न तयार करायचा, विद्यार्थ्यानेही उलट विचारलेलं चालायचं. 'इंटेलिजंट ट्युटर' म्हणतात त्याची सुरुवात इथून धरतात.

पण एवढी धडपड कशासाठी? एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, हे का हवं असतं? यावर एक आकडा फार प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. एज्युकेशन स्टार्टअपच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाईड असते. पुढच्या संशोधनात एवढा मोठा फरक काही सापडला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. आणि चांगल्या इंटेलिजंट ट्युटरचा परिणाम जवळपास माणसाएवढाच! ०.७९ आणि ०.७६. ही बातमी मला ब्लूमच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, पण ती कुणी स्लाईडवर टाकत नाही.

एकाला एक शिकवणी म्हटलं की आपल्याकडे एक नाव येतंच, आणि ते आमच्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातलं आहे. कल्याणच्या जोशींची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. लग्नानंतर आनंदी. नवरा गोपाळराव हाच तिचा शिक्षक. ती १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एमडी झाली. प्रत्यक्षात अभ्यास केला नाही म्हणून गोपाळरावांनी तिला मारलेलंही आहे. तेव्हा एकाला एक म्हणजे आपोआप चांगलं, असं मी तरी म्हणणार नाही. शिकवणारा कसा आहे, यावर सगळं आहे.

आता स्टॅनफर्ड. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे.

१९७० च्या दशकात तिथे एडवर्ड शॉर्टलिफ आणि मंडळींनी मायसिन नावाचा प्रोग्राम लिहिला. काम काय, तर रक्तातलं इन्फेक्शन किंवा मेनिंजायटिस झालेल्या रुग्णाची माहिती घ्यायची, कुठला जंतू असेल ते ठरवायचं आणि अँटिबायोटिक सुचवायचं. आत साडेचारशेच्या आसपास नियम. 'अमुक असेल आणि तमुक असेल, तर हा जंतू असण्याची शक्यता इतकी.' १९७९ मध्ये त्याची परीक्षा छापून आली. मेनिंजायटिसच्या दहा केसेस. मायसिनने आणि स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी दिलेले उपचार बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवले, कुणाचं काय हे न सांगता. मायसिनला ६५ टक्के पसंती मिळाली. तिथल्या प्राध्यापकांपैकी सगळ्यात वरच्याला ६२.५.

म्हणजे बघा, 'मशीनने डॉक्टरांना हरवलं' ही हेडलाईन १९७९ ची आहे. (मायसिन प्रत्यक्ष वॉर्डात कधी वापरलं गेलं नाही, ती वेगळी गोष्ट.)

आता तिथल्याच विल्यम क्लॅन्सी नावाच्या विद्यार्थ्याने आपल्यासारखाच विचार केला. मायसिनला सगळं येतंय ना? मग त्याच्याकडूनच मेडिकलच्या मुलांना शिकवून घेऊ. साडेचारशे नियम तयार आहेतच, वर शिकवायचे कसे याचे दोनेकशे नियम लिहू. त्याने प्रोग्राम केला, नाव गाइडन. १९७९ मध्ये त्यावरच त्याला पीएचडी मिळाली. पद्धत अशी: मायसिनने आधी सोडवलेली केस विद्यार्थ्याला द्यायची. विद्यार्थी रुग्णाची माहिती विचारणार, अंदाज बांधणार. गाइडन मागून पाहत राहणार की याला कुठला नियम माहीत आहे, कुठला नाही, आणि जो माहीत नाही तो शिकवणार.

ऐकायला एकदम बरोबर. आणि इथेच गाडी अडली.

एक नियम घ्या. रुग्णाचं वय आठ वर्षांपेक्षा कमी असेल तर टेट्रासायक्लिन देऊ नका. मायसिनसाठी एवढं पुरेसं आहे. पण विद्यार्थ्याने विचारलं, का? मायसिनकडे उत्तर नाही. नियमात 'का' लिहिलेलंच नाही. खरं कारण असं की हे औषध वाढत्या हाडांतल्या आणि दातांतल्या कॅल्शियमला चिकटतं आणि मुलाचे दात कायमचे डागाळतात. ज्या डॉक्टरने नियम सांगितला त्याला हे माहीत होतं. नियम लिहिताना ते गळून पडलं, कारण उत्तर काढायला त्याची गरज नव्हती.

दुसरा नियम याहून मजेदार. मेनिंजायटिसच्या एका नियमात अटी होत्या: रुग्णाचं वय १७ पेक्षा जास्त असेल आणि तो दारूच्या आहारी गेलेला असेल, तर अमुक जंतूचा संशय घ्या. आता विद्यार्थी डोकं खाजवणार. १७ व्या वर्षी शरीरात असं काय बदलतं? काहीच नाही! ती अट फक्त एवढ्यासाठी होती की लहान मुलाच्या बाबतीत 'पेशंट दारू पितो का?' असा वेडा प्रश्न प्रोग्रामने विचारू नये. म्हणजे साधा व्यवहार, पण तो वैद्यकीय ज्ञानाच्या वेषात नियमात जाऊन बसला होता.

कोड लिहिणाऱ्या मंडळींना हे वाचून हसू येईल. आमच्याकडे प्रत्येक जुन्या प्रोजेक्टमध्ये अशी एक ओळ असतेच. 'वय १७ पेक्षा जास्त असेल तर'. कमेंट नाही. ज्याने लिहिली तो नोकरी सोडून गेला. चालतंय, म्हणून कुणी हात लावत नाही. नव्याने आलेल्या मुलाला तुम्ही ती ओळ पाठ करायला लावू शकता, समजावू शकत नाही.

क्लॅन्सीने १९८३ मध्ये यावर मोठा लेख लिहिला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: तज्ज्ञाचं ज्ञान आटवलेल्या बासुंदीसारखं असतं. दूध किती होतं, आच किती ठेवली, कधी ढवळलं, काही दिसत नाही. खाणाऱ्याला दिसायची गरजही नाही. पण शिकणाऱ्याला तेच हवं असतं. मग क्लॅन्सीने निओमायसिन नावाने पुन्हा बांधणी केली. त्यात आजारांची माहिती एकीकडे ठेवली आणि डॉक्टर विचार कसा पुढे नेतो, आधी मोठे गट मग बारीक तपशील, हे वेगळं लिहून काढलं. सरळ शब्दांत सांगायचं तर मायसिनला परीक्षेत पहिला नंबर मिळाला होता आणि शिकवायला उभं केल्यावर त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं.

आणि हे फक्त अर्धं झालं. 'का' सांगता येणं ही एक बाजू. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखणं ही दुसरी.

त्यासाठी शिकागो. रश मेडिकल कॉलेजमध्ये जोएल मायकल आणि अ‍ॅलन रोव्हिक हे फिजिऑलॉजी शिकवायचे. पहिल्या वर्षाची मुलं एका ठिकाणी हमखास अडकायची: शरीर ब्लडप्रेशर कसं सांभाळतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणाऱ्या नसा असतात. दाब पडला की मेंदूला कळतं, मेंदू हृदयाला वेग वाढवायला सांगतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. वाचायला सोपं. पण प्रश्न फिरवून विचारला की गडबड. या दोघांनी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मार्था एव्हन्स यांच्याबरोबर सर्कसिम-ट्युटर बांधला.

त्यांनी कोड लिहिण्याच्या आधी जे केलं, त्याला मी मनापासून दाद देतो. रोव्हिक आणि मायकल एका खोलीत बसले, विद्यार्थी दुसऱ्या खोलीत, आणि शिकवणी पूर्ण टाइप करून. का? म्हणजे चांगला शिक्षक नेमकं काय विचारतो, कधी गप्प बसतो, कधी थोडासा इशारा देतो, हे शब्द न् शब्द उतरून राहील. अशा शिकवण्या जमवून, त्या वाचून, मग मशीनला शिकवलं.

मशीनचं काम असं. एक प्रसंग द्यायचा. समजा रुग्णाचा पेसमेकर बिघडला आणि हृदय अचानक जोरात पळायला लागलं. विद्यार्थ्यासमोर सात गोष्टी: हार्ट रेट, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, एकूण रक्तपुरवठा, दाब वगैरे. प्रत्येकीपुढे वाढेल, कमी होईल किंवा तशीच राहील हे भरायचं. एकदा नाही, तीनदा. बिघाड झाल्या झाल्या, मग शरीराने प्रतिक्रिया दिल्यावर, आणि शेवटी सगळं स्थिरावल्यावर. या तक्त्यात चूक लपत नाही. समजा एखाद्याने लिहिलं की पहिल्याच क्षणी रक्तवाहिन्या आवळल्या. मशीन 'चूक' म्हणत नाही. विचारतं, रक्तवाहिन्या कोण आवळतं? तो म्हणतो, नर्व्हस सिस्टीम. मग मशीन: पण या पहिल्या टप्प्यात नर्व्हस सिस्टीमने अजून काही केलंय का? आणि पोराची ट्यूब पेटते.

आता हे सगळं आजच्या फोनवर आणतो. आमच्या बिल्डिंगमध्ये, इथे वर्तकनगरात, एक मुलगी जीएनएम नर्सिंग करते. मला दादा म्हणते. फोनवर एका चॅटबॉटशी अभ्यास करते, आणि चांगला करते. एकदा तिने मला तिचं चॅट दाखवलं. प्रश्न होता, बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव झाला तर नाडीचं काय होतं? तिने लिहिलं, वाढते. बॉट म्हणाला, अगदी बरोबर! आणि खाली दहा ओळी इंग्रजीत. मी सहज विचारलं, का वाढते गं? ती म्हणाली, "दादा, बाई घाबरते ना रक्त बघून. म्हणून."

उत्तर बरोबर. कारण चूक. आणि बॉटने 'का' विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, उत्तर आलं ना, मार्क मिळाले, झालं. नाही हो. ही मुलगी उद्या वॉर्डात उभी राहणार. समोरची बाई शांत पडलीये, घाबरलेली नाही, आणि तिला आधीपासून बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे, जी हृदयाचा वेग वाढूच देत नाही. नाडी नॉर्मल लागते. ज्या नर्सच्या डोक्यात दाब, नसा आणि मेंदू हे चित्र आहे, ती म्हणेल थांबा, नाडीवर भरवसा नको, बीपी बघा, किती रक्त गेलं ते बघा. जिच्या डोक्यात 'घाबरली म्हणून' आहे, ती म्हणेल पेशंट ठीक आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात वाया घालवायला वेळ नसतो.

आणि तिच्या डोक्यात हे आलं कुठून? मी बराच विचार केला. ती मूर्ख अजिबात नाही. आपल्याकडे पेशंट काय सांगतो? 'जीव घाबराघुबरा होतोय.' धडधड, अस्वस्थपणा, दम आणि भीती हे सगळं मराठीत एकाच शब्दात येतं. वॉर्डात तिने तेच ऐकलंय, घरी आजीकडून तेच ऐकलंय. त्यावरून तिने निष्कर्ष काढला, आणि तो भाषेच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचा आहे. रश मेडिकलच्या मुलांनी केलेल्या चुकांच्या यादीत ही चूक असायचं कारण नाही. ती मराठीतच होणारी चूक आहे.

म्हणून मी १८२६ डोक्यात ठेवा म्हणालो होतो.

मधल्या काळात तंत्र खूप पुढे गेलं, ते झरझर सांगतो. १९९५ मध्ये कॉर्बेट आणि अँडरसन यांनी एक गणित मांडलं, जे आजही कितीतरी लर्निंग अ‍ॅप्सच्या पोटात असतं. मुलाने बरोबर उत्तर दिलं म्हणजे त्याला येतंच असं नाही, त्याने ठोकून दिलेलं असू शकतं. चुकलं म्हणजे येत नाही असंही नाही, हात घसरला असेल. या दोन्ही शक्यता धरून प्रत्येक उत्तरानंतर 'याला हे येत असण्याची शक्यता' नव्याने काढायची. हुशार कल्पना आहे. पण बिल्डिंगमधल्या ताईने ठोकून दिलं नव्हतं आणि तिचा हातही घसरला नव्हता. चुकीच्या कारणाने ठामपणे बरोबर असणं या गणितात बसतच नाही.

आपल्याकडे २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली आणि एमबीबीएस, नर्सिंग, सगळं एका रात्रीत मोबाइलवर आलं. त्याला ऑनलाइन शिक्षण म्हटलं गेलं, पण बहुतेक वेळा तो एका दिशेने चालणारा व्हिडिओ होता. व्हिडिओने भाषेचा प्रश्न मात्र बऱ्यापैकी सोडवता येतो. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प, प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांचा, बघा. छोटे व्हिडिओ, आधी लिहून काढलेली संहिता, त्यामुळे कुठल्याही भारतीय भाषेत आवाज बदलता येतो. शिकणाऱ्याने व्हिडिओ थांबवून सोबत करत जायचं. त्याच पद्धतीने डॉ. रुपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली आरोग्य आणि पोषणावरची मालिका झाली. बाळाला छातीशी कसं धरायचं इथपासून. ती मराठीतही आहे. आई, आशाताई, अंगणवाडी सेविका, सगळ्यांना समजेल अशी. मला हे काम फार आवडतं. पण व्हिडिओ बोलतो, ऐकत नाही. सर्कसिम ऐकत होता, पण इंग्रजीत, आणि एका विषयापुरतं.

पुस्तकांचं म्हणाल तर १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. आपल्याकडेही अशी चर्चा अधूनमधून पेटते, आणि दर वेळी भांडण एकाच मुद्द्यावर येऊन थांबतं: 'हिमोग्लोबिन'ला मराठीत काय म्हणायचं? माझं स्पष्ट मत आहे की हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिनच म्हणा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेलात तर कुणी त्याला दुसरं काही म्हणत नाही. शब्द बदलून काही होत नाही. खरा मराठीचा प्रश्न आहे तो 'घाबराघुबरा'चा. तो कुठल्याही पारिभाषिक कोशात सापडणार नाही.

आता आजची मॉडेल्स. माझ्या मते सर्कसिमच्या लोकांना जे तीस वर्षं हवं होतं, साध्या बोलीतलं वाक्य समजणं, ते यांना येतं. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी टाकलं तरी चालतं. तांत्रिक बाजूने मराठी अजून महाग पडते, कारण देवनागरीतलं तेच वाक्य मॉडेलच्या आत इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत फुटतं. पण ते सुटेल. अवघड गोष्ट वेगळी आहे. ही मॉडेल्स पुस्तकं, लेख, प्रश्नोत्तरं यांवर वाढली आहेत, म्हणजे आटवलेल्या बासुंदीवर. आणि वापरणाऱ्याला खूश ठेवायची त्यांना सवय लागलीये. 'अगदी बरोबर!' त्यातूनच येतं. प्रॉम्प्टमध्ये 'आधी कारण विचार' असं लिहिलं तर ती विचारतात, मी त्या ताईच्या फोनवर तसं लिहूनही दिलं. पण तिने 'घाबरते म्हणून' म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुठला टाकायचा? ते एखाद्या अनुभवी सिस्टरला माहीत असतं. ती म्हणेल, "बरं, पेशंटला भूल दिलेली असेल तर? झोपलेली बाई कशी घाबरेल?" एका प्रश्नात काम तमाम.

असे प्रश्न रोज विचारले जातात. राउंडला, नाइट ड्युटीला चहा पिताना, मराठीत, हिंदीत, दोन्हींच्या खिचडीत. रोव्हिक आणि मायकल यांनी त्यासाठी दोन खोल्यांत टाइप करून शिकवण्या घेतल्या. आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. पेशंटचं नाव-गाव वगळून, सिस्टर आणि विद्यार्थिनी दोघींना विचारून, नुसते प्रश्न आणि चुका उतरवल्या, तरी मराठीत होणाऱ्या चुकांची पहिली यादी तयार होईल. हे काम कोड लिहिणाऱ्यांचं नाही, नर्सिंग शिकवणाऱ्यांचं आहे. मेरीअ‍ॅन बिट्झरचं आहे. आम्ही फार तर टाइप करून देऊ.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी नर्सिंग किंवा मेडिकल शिकवत असेल, तर तुमच्या विद्यार्थ्यांची अशी एखादी 'उत्तर बरोबर, कारण चूक' वाली गोष्ट व्हॉइस नोटने पाठवा. मुलांची आणि पेशंटची नावं नकोत. पुढच्या भागात त्यातल्या चार-पाच ऐकवेन, आणि सोबत एक मोठी गोष्ट आहेच: भाऊ दाजी लाड डॉक्टर झाल्यावर नाणी आणि शिलालेखांच्या मागे कसे लागले. भेटू.